गादी तीच, धनी नवा

एखादा मुलूख जिंकणे वेगळे आणि तो चालवणे वेगळे. जिंकायला पलटण पुरते. चालवायला मात्र वसुली कारकून लागतो, न्यायाधीश लागतो, आणि या सगळ्यांचा पगार लागतो. आफ्रिकेत गेलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांपुढे हाच पेच होता. त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर फ्रेडरिक लुगार्ड या इंग्रजाच्या नावावर जमा आहे.

लुगार्डचा जन्म १८५८ सालचा, मद्रासचा. वडील लष्करातले पाद्री. अफगाण युद्ध, सुदान, ब्रह्मदेश अशा मोहिमा करून तो आफ्रिकेत पोहोचला. १ जानेवारी १९०० रोजी ब्रिटिश सरकारने रॉयल नायजर कंपनीकडून उत्तर नायजेरियाचा कारभार आपल्या हाती घेतला आणि लुगार्ड तिथला हाय कमिशनर झाला. 'नायजेरिया' हे नावही तेव्हा कोवळेच होते. १८९७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ते सुचवले फ्लोरा शॉ या पत्रकार बाईंनी. पुढे त्याच लुगार्डच्या पत्नी झाल्या.

हा मुलूख सुमारे अडीच लाख चौरस मैलांचा, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. लुगार्डच्या हाताखाली गोरे अधिकारी थोडे आणि लंडनहून येणारा पैसा त्याहून थोडा. पण हा मुलूख बेवारस नव्हता. उस्मान दान फोदिओ या विद्वानाने १८०४ साली पुकारलेल्या लढ्यातून तिथे सोकोटोची खिलाफत उभी राहिली होती. सोकोटोला सुलतान होता, कानो, झारिया, कात्सिना या प्रांतांवर त्याचे अमीर होते. काझींची न्यायालये होती, करवसुली होती. उस्मानची मुलगी नाना अस्माऊ अरबी, फुलानी आणि हौसा अशा तिन्ही भाषांत कविता करी आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत शिक्षण पोहोचवी. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या राज्यातली बरीचशी शेती गुलामांच्या घामावर पिकत होती.

१९०३ च्या फेब्रुवारीत कानो पडले, मार्चमध्ये सोकोटो. सुलतान अत्ताहिरू आपल्या माणसांसह पूर्वेकडे निघून गेला आणि जुलैमध्ये बुर्मी येथे लढताना मारला गेला. इकडे लुगार्डने सोकोटोत नवा सुलतान बसवला आणि बजावले, की राज्याचा हक्क आता ब्रिटिशांचा. अमिरांना नेमणार आम्ही, काढणार आम्ही. तुमच्या धर्माला मात्र हात लावणार नाही. अमिरांवर देखरेखीसाठी प्रांतोप्रांती ब्रिटिश 'रेसिडेंट' आले.

रेसिडेंट हा शब्द आपल्याला परका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात एल्फिन्स्टन याच हुद्द्यावर होता. साताऱ्याच्या छत्रपतींजवळही १८१८ नंतर कंपनीचा माणूस बसला आणि १८४८ मध्ये ते राज्यच खालसा झाले. सल्ला द्यायचा, पण तो मोडण्याची सोय ठेवायची नाही, ही रीत हिंदुस्थानात चांगली घोटली गेली होती. लुगार्डने तिला आफ्रिकेत नियमांची चौकट दिली, १९२२ मध्ये 'ड्युअल मँडेट' हे पुस्तक लिहून तिला तत्त्वज्ञानही दिले. अप्रत्यक्ष राज्यकारभार म्हणतात तो हाच.

या पद्धतीचे चाहते म्हणतात, की लुगार्डने परंपरेचा मान राखला. वरवर पाहता ते खरे वाटते. गादी तीच, पागोटे तेच, जुम्म्याची नमाज तीच. बदलले ते एवढेच, की अमिराने जाब कुणाला द्यायचा. पूर्वी जुलूम फार झाला तर रयत गाव सोडून जाई, बंड करी. अमिराला तिचा धाक असे. आता त्याच्या पाठीशी इंग्रजांच्या मशिनगन उभ्या राहिल्या. त्याने एका रेसिडेंटला खूश ठेवले की झाले.

याचा अर्थ १९०६ मध्ये सातिरू या गावाला कळला. सोकोटोजवळच्या या गावात पळून आलेले गुलाम आणि गरीब शेतकरी जमले होते. फेब्रुवारीत चालून आलेल्या ब्रिटिश तुकडीचा त्यांनी पराभव केला. मार्चमध्ये मोठी फौज आली. सुमारे २००० माणसे मारली गेली असे इतिहासकार सांगतात. गाव जमीनदोस्त झाले. या कारवाईत सोकोटोच्या सुलतानाची माणसे इंग्रजांच्या बाजूने होती. धर्माला हात न लावण्याचे वचन लुगार्डने पाळले, असे म्हणता येईल. पण सातिरूत मेले तेही नमाज पढणारेच होते. गुलामांचा व्यापार सरकारने बंद केला, पण असलेल्या गुलामांना एकदम सोडले नाही, कारण अमिरांची घडी विस्कटली असती. गुलामगिरीचा कायद्याने पुरता शेवट व्हायला १९३६ साल उजाडले.

१९१४ मध्ये लुगार्डने उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक केले. आग्नेयेकडील इग्बो लोकांत बहुतेक ठिकाणी राजेच नव्हते. निर्णय गावसभेत होत. तिथे इंग्रजांनी आधीपासूनच कागदावर सही करून 'वॉरंट चीफ' निर्माण केले होते, लुगार्डने त्यांचे बळ वाढवले. १९२९ मध्ये बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली आणि हजारो स्त्रिया या चीफांच्या दारात उभ्या राहिल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मेल्या. मग मात्र ती पद्धत गुंडाळावी लागली.

उत्तरेत मिशनऱ्यांना बहुतेक मज्जाव होता आणि सरकारी शाळा मोजक्याच निघाल्या. त्यांत हौसा भाषा अरबी वळणाच्या अजमी लिपीऐवजी रोमन लिपीत शिकवली जाऊ लागली. घरातल्या मोडी कागदांपुढे मुकाट बसणाऱ्या मराठी माणसाला यातले नुकसान समजावून सांगायला नको. त्या शिक्षणाला लोक 'बोको' म्हणू लागले. शब्दाचा मूळ अर्थ बनावट, फसवे असा असल्याचे भाषातज्ज्ञ सांगतात. आज एका हिंसक संघटनेच्या प्रचलित नावात तोच शब्द 'हराम'ला जोडलेला दिसतो.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा शिक्षणात उत्तर दक्षिणेच्या फार मागे होती, आणि दोघांत विश्वास थोडा होता. १९६७ ते १९७० असे यादवी युद्ध झाले. ते सारे पाप लुगार्डच्या माथी मारणे बरोबर नाही. नंतरच्या पुढाऱ्यांनीही आपापला वाटा उचलला. पण राज्य स्वस्तात कसे चालेल, हा प्रश्न त्याने आयुष्यभर विचारला. सत्तेने रयतेला जाब द्यावा की नाही, हा प्रश्न त्याच्या दप्तरात नव्हता. तो सातिरूच्या शेतकऱ्यांनी आणि इग्बो बायकांनी विचारला. दोन्ही वेळा उत्तर बंदुकीने दिले गेले.