मुनीफ, अब्दुर्रहमान

(१९३३–२४ जानेवारी २००४). आधुनिक अरबी कादंबरीकार व खनिज तेलाच्या अर्थकारणाचा अभ्यासक. जन्म जॉर्डनमधील अम्मान येथे. वडील सौदी अरेबियातील व्यापारी, आई इराकी. त्याच्या जन्माच्याच वर्षी सौदी राजसत्तेने तेलसंशोधनाचा मक्ता एका अमेरिकन कंपनीस दिला. १९३८ मध्ये दम्माम येथे विपुल तेल सापडले आणि तेथील समाजजीवन मुळापासून बदलू लागले. हेच स्थित्यंतर पुढे त्याच्या लेखनाचा प्रमुख विषय झाले.

मुनीफ १९५२ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी बगदादला गेला. परंतु बगदाद कराराविरुद्धच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे १९५५ मध्ये त्याला तेथून घालवून देण्यात आले. उर्वरित शिक्षण त्याने कैरो येथे पूर्ण केले. बेलग्रेड विद्यापीठातून त्याने तेलाच्या अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली (१९६१). त्यानंतर सिरियाच्या तेल-उद्योगात त्याने नोकरी केली. राजकीय मतांमुळे १९६३ मध्ये सौदी अरेबियाने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. पुढे बेरूत येथे पत्रकारिता व बगदाद येथे तेल आणि विकास ह्या विषयांवरील एका नियतकालिकाचे संपादन केल्यानंतर १९८१ मध्ये तो फ्रान्सला गेला. १९८६ पासून अखेरपर्यंत त्याचे वास्तव्य दमास्कस येथे होते.

वयाच्या चाळिशीत तो कादंबरीलेखनाकडे वळला. अल्-अश्‌जार व इग्तियाल मर्झूक (१९७३, म. शी. वृक्ष आणि मर्झूकची हत्या) ही त्याची पहिली कादंबरी. शर्क अल्-मुतवस्सित (१९७५, म. शी. भूमध्य समुद्राच्या पूर्वेस) मध्ये रजब ह्या राजबंद्याचा छळ आणि मनोभंग चित्रित केला आहे. देशाचे नाव मुनीफने हेतुतः दिलेले नाही. त्यामुळे अनेक अरब देशांतील वाचकांना ती आपल्याच देशाची कथा वाटली. अन्-निहायात (म. शी. अखेर) ही अवर्षणग्रस्त खेड्याची कथा असून, पाहुण्यांना शिकारीस नेणारा अस्साफ त्यांना वाचविताना वाळूच्या वादळात मरण पावतो. वाळवंट हे येथे केवळ पार्श्वभूमी न राहता एक पात्रच बनले आहे.

मुदुन अल्-मिल्ह (१९८४–८९, म. शी. मिठाची शहरे) ही पाच खंडांची कादंबरीमालिका त्याची सर्वश्रेष्ठ कृती होय. अत्-तीह ह्या पहिल्या खंडात वादी अल्-उयून ह्या मरूद्यानात अमेरिकन तेलशोधक येतात. यंत्रे झाडे उन्मळून टाकतात आणि रहिवाशांना गाव सोडावे लागते. विरोध करणारा मुतइब अल्-हद्दाल उंटावर बसून दिसेनासा होतो. तथापि लोकांच्या स्मृतीत तो वावरत राहतो. हर्रान ह्या किनाऱ्यावरील गावाचे बंदर होते; अमेरिकनांची वसाहत आणि अरब कामगारांच्या बराकी ह्यांतील दरी वाढत जाते व कथेची परिणती संपात होते. सौदी तेलक्षेत्रात १९५३ मध्ये खरोखरच मोठा संप झाला होता. पुढील खंडांतील मूरान ही सल्तनत काल्पनिक असली, तरी सुलतान खझाइलच्या पदच्युतीत १९६४ मध्ये सत्तेवरून दूर झालेल्या राजे सौदची छाया स्पष्ट दिसते. सौदी अरेबियात ह्या ग्रंथांवर बंदी आली. पाण्याचा स्पर्श होताच विरघळणारे मीठ ही प्रतिमा केवळ तेलावर उभ्या राहिलेल्या शहरांच्या क्षणभंगुरतेची सूचक आहे.

पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यवर्ती नायक नसणे हा दोष अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक ह्याने दाखविला. परंतु येथे नायकत्व समूहाकडे आहे. उखडला गेला तो एक माणूस नव्हे, तर संपूर्ण वस्ती. भारतीय कादंबरीकार अमिताव घोष ह्यांनी १९९२ मध्ये ह्या कृतीवर लिहिताना, तेलासारख्या जगव्यापी विषयाकडे साहित्याने केलेल्या दुर्लक्षाकडे लक्ष वेधले. भारतासह अनेक देशांतून आखातात गेलेल्या कामगारांचे बहुभाषिक जग मात्र मुनीफच्या कथाविश्वात जवळजवळ नाही, ही त्याची मर्यादा होय.

सीरत मदीना (१९९४) मध्ये त्याने १९४० च्या दशकातील अम्मानच्या आठवणी सांगितल्या आहेत. अर्द अस्-सवाद (१९९९) ही त्रिखंडात्मक कादंबरी एकोणिसाव्या शतकातील बगदादचा वाली दाऊद पाशा व ब्रिटिश रेसिडेंट रिच ह्यांच्यातील संघर्षावर आधारलेली आहे. १९९८ मध्ये कैरो येथे कादंबरीलेखनाच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला.

तेलाच्या उत्पादनाचे आकडे मुनीफला व्यवसायामुळे परिचित होते. त्या आकड्यांत न मावणाऱ्या माणसांची नोंद त्याने कादंबरीत केली. राजदरबारांच्या इतिहासाने वगळलेल्या विस्थापितांचा इतिहास, स्वतः नागरिकत्व गमावलेल्या ह्या लेखकाने लिहिला, हे त्याचे अरबी साहित्यातील खरे स्थान होय. दमास्कस येथे तो निधन पावला.