राखणीचा कुत्रा गप्प का बसला?

इस्लापूर-किनवट भागात कुणी मिश्री लावतं, कुणी तंबाखू मळतं. त्यामुळं तोंडाचा कर्करोग आपल्याला परका नाही. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होतात. तिथंच एका महागड्या औषधाच्या इतिहासाला नवं वळण मिळालं. ती हकिकत आज ऐकू.

रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यासारख्या असतात. परक्यावर धावतात, घरच्यानं ‘गप’ म्हटलं की बसतात. बसायलाच हवं, नाहीतर घरच्यांनाच चावतील. हा ‘गप’ ऐकणारा पेशीचा एक कान म्हणजे पीडी-१ नावाचं प्रथिन. १९९२ साली जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. पुढं उमगलं, की अनेकदा कर्करोग हा चोरही ‘गप’ म्हणायला शिकलेला असतो. अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी अशाच दुसऱ्या प्रथिनाला रोखून उंदरांच्या गाठी घालवल्या. ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पीडी-१ च्या कानात बोळा घालणारं एक औषध म्हणजे निवोलुमॅब. २०१४ पासून ते वापरात आलं, पण किंमत लाखांत. शेत विकूनही पुरायचं नाही.

मग टाटा रुग्णालयातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी विचारलं: थोड्या औषधानं भागेल का? डोक्या-मानेचा कर्करोग खूप पुढं गेलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला. सगळ्यांना पोटातून गोळ्या दिल्या. निम्म्यांना सोबत निवोलुमॅब, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. रूढ मात्रा दोन आठवड्यांनी २४० असते. २०२२ मध्ये निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं शंभरातले सुमारे १६ जण हयात होते. औषध जोडलेल्यांत ४३.

सगळे बरे झाले असं नाही, आणि कान बंद केलेला कुत्रा कधी घरच्यांवरही उलटतो, म्हणून डॉक्टरांची देखरेख लागतेच. पण गरिबाच्या आवाक्यातला उपाय गरिबांच्या रुग्णालयातून निघाला, हे आपण लक्षात ठेवू.

आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली, तोंड उघडेना, तर गटातल्या बाईला दवाखान्यात आपणच घेऊन जाऊ. मिश्रीची डबीही बंद करू.