कारखाना उभारायला किती पैसा लागतो?



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपणा सर्वांच्या तोंडी आहे. गवंड्याने पायाच्या दिवशी सांगितलेला आकडा आणि वास्तुशांतीच्या दिवशी वहीत निघालेला आकडा यांची गाठ सहसा पडत नाही. दोन खोल्यांच्या घराची ही गत. मग शेकडो यंत्रांच्या आणि हजारो माणसांच्या कारखान्याचा अंदाज कसा बांधत असतील, आणि तो चुकला तर भुर्दंड कोणावर पडत असेल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कामगार-संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने भांडवलावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. भांडवल हा मालकाचा विषय आणि मजुरी हा कामगाराचा, अशी वाटणी मान्य करून आम्हीही पुष्कळ वर्षे चाललो. पुढे एक प्रसंग घडला. औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कारखान्यात पगार दोन महिने थकला. आम्ही जाब विचारायला गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी प्रकल्पाचा अहवालच आमच्यापुढे टाकला. यंत्रांची किंमत त्यात अगदी अचूक धरलेली होती. चूक होती ती शेवटच्या पानावर. माल विकून पैसा हाती यायला चार महिने लागत होते आणि खेळते भांडवल धरले होते एका महिन्याचे! उरलेल्या तीन महिन्यांची फट थकलेल्या पगाराने आणि भविष्यनिर्वाह निधीत न भरलेल्या रकमेने बुजवली जात होती. म्हणजे कामगार हा त्या कारखान्याचा सावकार होता, फक्त त्याचे नाव वहीत नव्हते आणि त्याला व्याज मिळत नव्हते. त्या दिवसापासून आम्ही ताळेबंद वाचू लागलो, आणि जुन्या कारखान्यांचा इतिहासही त्याच दृष्टीने पाहू लागलो.

प्रारंभ मुंबईपासूनच करू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. भांडवल होते पाच लाख रुपये. पाच-पाच हजारांचे शंभर भाग. गिरणी-कामगाराने जन्मभराची मजुरी साठवली असती तरी त्यातला एक भाग पदरात पडणे कठीण होते. यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली. त्या काळी गिरणीचा अंदाज ‘चातीमागे इतके रुपये’ या मापाने करीत. हे माप लँकेशरमध्ये ठीक होते, कारण तेथे यंत्रे बनवणारा शेजारी, कोळसा शेजारी आणि जोडणी करणारा कारागीरही शेजारी. मुंबईत त्याच चातीवर जहाजाचे भाडे चढे, विमा चढे आणि विलायतेहून आणलेल्या कारागिराचा पगार चढे. यंत्राची किंमत आणि उभ्या गिरणीची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा आपल्या गिरणीवाल्यांनी घेतला तो असा.

दुसरा धडा अहमदाबादचा. रणछोडलाल छोटालाल यांनी तेथे पहिली गिरणी काढायचे ठरवले. त्यांची पहिली यंत्रसामग्री वाटेत समुद्रातच नष्ट झाली. दुसरी मागवली, तर ती उभी करायला आलेला इंग्रज अभियंता पटकीने दगावला. आगगाडी अजून अहमदाबादला पोचली नव्हती. अवजड यंत्रे खंबायतहून बैलगाड्यांनी न्यावी लागली. अखेर १८६१ साली अडीच हजार चात्यांची ती गिरणी चालू झाली. आजच्या अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ म्हणून एक ओळ असते. पुष्कळांना ती वाढवून सांगितलेली वाटते, आणि सर्वांत आधी काट मारली जाते ती त्याच ओळीवर. रणछोडलालांची गोष्ट ज्याने ऐकली आहे तो तिच्यावर काट मारणार नाही.

तिसरा धडा आपल्या नागपूरचा. जमशेटजी टाटांनी १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाच्या प्रदेशातच गिरणी काढावी, हा त्यांचा हिशेब. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची दलदलीची. ती भरून काढण्यातच पैसा जाऊ लागला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले, आणि पुढे याने माती टाकून सोने काढले अशी कबुली दिली, ही हकीगत प्रसिद्धच आहे. पण तिच्यामागची दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्रारंभी काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे हलक्या दर्जाची निघाली आणि थोड्याच वर्षांत बदलावी लागली. स्वस्त यंत्राची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही. तुटणारा धागा, थांबणारा साचा आणि त्यापायी साचेवाल्याला बसणारा दंड, हे सारे नंतर येते. जमशेटजींनी चूक ओळखली, नवी यंत्रे आणली आणि १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही काढला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

आता ज्या ओळी अंदाजपत्रकात कोणीच लिहिल्या नाहीत त्यांच्याकडे वळू.

गिरणीला कापूस हंगामात रोखीने घ्यावा लागे. सूत काढायचे, गाठी बांधायच्या, त्या चीनच्या बाजारात पाठवायच्या आणि मग पैसा परत येण्याची वाट पाहायची. या वाट पाहण्याला जो पैसा लागतो तेच खेळते भांडवल. ते अपुरे पडले की मजुरी लांबवणे हा सर्वांत सोपा उपाय. कामगाराचा महिना भरे, पुढचाही चालू होई आणि मागचा पगार गिरणीतच असे. तोवर घर चालायचे ते वाण्याच्या उधारीवर आणि पठाणाच्या व्याजावर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा घेतल्या, त्यांतील मागण्या आपण आठवा. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, अपघातात जायबंदी झाल्यास मदत आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. ही शेवटची मागणी आम्ही तरुणपणी वाचली तेव्हा किरकोळ वाटली होती. आज ती आम्हांला सर्वांत खोल वाटते. आमच्या मजुरीवर तुमचे खेळते भांडवल उभारू नका, असेच त्या माणसाने सांगितले होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. पगाराच्या मुदतीचा कायदा व्हायला मात्र १९३६ साल उजाडले.

दुसरी न लिहिलेली ओळ घराची. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, ती राहणार कोठे याचा आकडा बहुतेक गिरण्यांच्या अंदाजात नव्हता. एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहू लागली. मग १८९६ साली प्लेग आला. माणसे शहर सोडून गावाकडे धावली आणि गिरण्यांना हात मिळेनात. नाक्यानाक्यावर उभे राहून रोजच्या रोज चढ्या मजुरीची बोली करण्याची पाळी आली. वाचवलेला खर्च परत आला, तो असा! १८९८ साली सुधार-समिती स्थापन झाली, पुढे विकास खात्याच्या चाळी उभ्या राहिल्या. गिरणीच्या अंदाजातून गळलेला खर्च काही सरकारी तिजोरीवर आणि काही कामगाराच्या भाड्यावर पडला.

घराची ओळ लिहिण्याचा एक मोठा प्रयत्न साकचीला झाला, म्हणून बंगाल-ओरिसाच्या बाजूला थोडे जाऊ. पोलादाचा कारखाना काढायचा, तर आधी लोखंडाची खाण, कोळसा, चुनखडी आणि पाणी यांचा शोध घ्यावा लागतो. आणि सारा शोध घेतल्यावर ‘येथे कारखाना होणार नाही’ असेही उत्तर येऊ शकते. तो पैसा परत येत नाही. जमशेटजींनी तो खर्चण्याची तयारी ठेवली. १९०४ साली प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजच्या खाणींकडे लक्ष वेधले गेले. त्याच वर्षी जमशेटजी वारले. दोराबजींनी लंडनला पैसा उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये, स्वदेशीच्या त्या दिवसांत, हिंदी लोकांपुढेच मागणी ठेवली गेली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार माणसांनी १६ लाख ३० हजार पौंड एवढी रक्कम उभी केली.

ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिचा पुढचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ही रक्कम बांधकामाची होती. कारखाना चालवण्यासाठी निराळे चार लाख पौंड लागले, त्याचे कर्जरोखे काढले आणि ते सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. उभारण्याचा पैसा वेगळा आणि चालवण्याचा वेगळा, हे येथे उघडपणे लिहिले गेले. रुंद रस्ते, झाडे आणि खेळायला मैदाने असलेल्या गावाची कल्पनाही जमशेटजींनी आधीच करून ठेवली होती. डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले.

तरीही अंदाज चुकायचा तो चुकलाच. १९१७ साली मोठ्या विस्ताराचे काम हाती घेतले. महायुद्धानंतर यंत्रांच्या किमती चढल्या, माल उशिरा आला, आणि पुढे पोलादाचा भाव पडला. १९२४ साली पगार देण्याइतके पैसेही उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता, पत्नीच्या जडजवाहिरासह, बँकेकडे गहाण ठेवली. मालकाने घरचे दागिने देऊन मजुरी भागवल्याचे हे उदाहरण विरळा, म्हणून ते आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पण महागाईने पोळलेल्या त्याच गावात १९२० साली संप होऊन गोळीबार झाला आणि कामगार मेले, हेही त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आहे.

पुढे या अंदाजाचे शास्त्र झाले. १९४७ साली अमेरिकेत रॉजर विल्यम्स यांनी ‘सहा-दशांशाचा नियम’ मांडला. रासायनिक कारखान्याची क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. मोठे पातेले छोट्याच्या दुप्पट अन्न शिजवते, पण त्याला दुप्पट पत्रा लागत नाही, हे आपल्या घरच्या माउलीला ठाऊकच आहे. त्याच सुमारास हान्स लँग यांनी दुसरे माप दिले. दारात येऊन पडलेल्या यंत्रांची किंमत एक कोट असेल, तर घन पदार्थांवर काम करणारा कारखाना उभा राहीपर्यंत ३ कोट १० लाख लागतात, घन व द्रव दोन्ही असतील तर ३ कोट ६३ लाख आणि नुसते द्रव असतील तर ४ कोट ७४ लाख. पाया, नळ, विजेच्या तारा, इमारती आणि अभियंत्यांचा मेहनताना यांत हा पैसा जातो. दावरांच्या पिढीने ठेचा खाऊन जे शिकून घेतले, त्याला लँग यांनी आकडा दिला. आणि इतके करूनही पहिल्या टप्प्यावरचा अंदाज तीस ते पन्नास टक्क्यांनी चुकू शकतो, हे या शास्त्राचे जाणकार स्वतःच सांगतात.

पण लँग यांच्या गुणकातही खेळते भांडवल येत नाही. ते निराळे धरावे लागते. आणि जे निराळे धरावे लागते ते विसरले जाते. आमच्या औद्योगिक वसाहतीतला तो अहवाल लिहिणारा माणूस अडाणी नव्हता. त्याने यंत्रांचा गुणक नीट लावला होता. बँकेने कर्ज मंजूर करावे म्हणून एकूण आकडा आटोक्यात ठेवायचा होता, आणि काट मारायला जी ओळ सर्वांत गरीब होती तिच्यावर त्याने काट मारली. तो पगार आम्ही पाच महिन्यांनी मिळवला. निधीची रक्कम भरून घ्यायला त्याहून पुष्कळ अधिक काळ गेला, आणि तेवढ्यात दोघांच्या मुलींची लग्ने कर्ज काढून झाली.

शेवटी जमिनीविषयी दोन शब्द. ताडदेव-परळच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा यंत्रांपुढे जमिनीचा आकडा लहान होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली, आणि तीच जमीन साऱ्या गिरणीहून मोलाची ठरली. १९९१ साली ती विकसित करण्याचे नियम झाले, २००१ साली ते बदलले, आणि त्या जमिनीतला कामगारांचा वाटा घटला. नागपूरची एम्प्रेस मिलही १९८६ साली सरकारी महामंडळाकडे जाऊन २००२ साली बंद पडली. ज्यांच्या मजुरीने या गिरण्यांची पहिली वर्षे निभावली, त्यांच्या नातवंडांना आपले एक घर मागण्यासाठी मोर्चे काढावे लागले.

आपल्या गावात नवा कारखाना येतो तेव्हा आपण आनंदाने विचारतो, किती कोटींचा? तो प्रश्न विचाराच. पण त्याच्यामागोमाग आणखी तीन विचारा. माल विकून पैसा येईपर्यंतचे महिने किती धरले आहेत? माणसे राहणार कोठे? आणि अंदाज चुकला तर आधी कोणाचे पैसे थांबणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्तमानपत्रात छापून येते. उरलेल्या तिहींचे मागून घ्यावे लागते, आणि ते कारखान्याची कोनशिला बसण्यापूर्वी मागावे लागते. नंतर मागणाऱ्यांची स्थिती काय होते, ते आम्ही पाहिले आहे.