एच.आय.व्ही.चे संक्रमण आणि विलगीकरणाचा कायदा : गोव्यातील १९८९ चे प्रकरण

प्रास्ताविक

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना रोगजंतूचा इतिहास आणि शासनाचा इतिहास स्वतंत्रपणे मांडण्याचा प्रघात आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत अशी विभागणी अपुरी ठरते. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास ताब्यात घेऊन ६४ दिवस एकांतवासात ठेवण्यात आले. तोपर्यंत हा विषाणू कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे शास्त्राला पुरेसे ज्ञात झाले होते. या विसंगतीचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विषाणू व त्याचे संक्रमण

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँतानिए यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली आणि १९८६ मध्ये एच.आय.व्ही. हे नाव निश्चित झाले. त्याच वर्षी चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व सेल्लप्पन निर्मला यांच्या कार्यातून भारतातील पहिली लागण उघडकीस आली.

हा विषाणू रेट्रोव्हायरस वर्गातील होय. आपल्या आरएनएपासून तो डीएनए तयार करतो आणि तो डीएनए मानवी पेशीच्या जनुकसंचात कायमचा मिसळतो. प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या सीडी-४ पेशी हे त्याचे मुख्य लक्ष्य आहे. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप येऊ शकतो; त्यानंतर उपचाराअभावीही साधारणतः आठ-दहा वर्षे रुग्ण निरोगी दिसतो. या काळास ‘सुप्तावस्था’ म्हणणे फसवे आहे. विषाणूची वाढ या काळातही अखंड चालू असते, हे १९९५ च्या संशोधनाने स्पष्ट केले. सीडी-४ पेशींची संख्या प्रति घनमिलिमीटर २०० च्या खाली गेली की संधिसाधू आजार बळावतात. भारतात त्यांत क्षयरोग प्रमुख आहे.

संक्रमणाचे मार्ग मात्र मोजके आहेत : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त वा सुई, आणि गर्भावस्था, प्रसूती वा स्तनपानातून मातेकडून बालकाकडे. स्पर्श, श्वास, भांडी किंवा डास यांद्वारे लागण होत नाही.

गोव्यातील स्थानबद्धता

डिसोझा हे रक्तदाते होते. दान केलेल्या रक्ताच्या चाचणीतून त्यांची लागण कळली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील विलगीकरणाच्या तरतुदीखाली त्यांना पोलिसांकरवी नेण्यात आले. त्यांना ठेवले गेले ते क्षयरुग्णांच्या जुन्या आरोग्यधामात. ही निवड केवळ सोयीची असेलही; तथापि तिच्यातून शासनाची कल्पना प्रकट होते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, एच.आय.व्ही. पसरत नाही. एका रोगाचे शास्त्र दुसऱ्या रोगाच्या रुग्णावर लादले गेले.

विलगीकरण निष्फळ ठरण्याचे कारण विषाणूच्या स्वभावातच होते. लागणीनंतर काही काळ चाचणीत प्रतिपिंडे सापडत नाहीत आणि पुढे अनेक वर्षे लक्षणे नसतात. त्यामुळे कायद्याच्या हाती लागणार होते ते केवळ चाचणी झालेले मोजके लोक. आणि अटकेची भीती चाचणीपासून लोकांना दूरच ठेवणार होती. दूषित रक्त टाकून देता येत होते. दात्यास कोंडून रक्तपेढी अधिक सुरक्षित होणार नव्हती. रक्तपेढ्यांमधील खरी उणीव व्यावसायिक रक्तदात्यांच्या प्रथेत होती. ती प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला.

डिसोझा यांच्या मातोश्री लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिक यांची सुटका झाली. परंतु अंतिम निर्णयात न्यायालयाने व्यक्तिहितापेक्षा सार्वजनिक हितास झुकते माप देऊन विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. ज्या हिताच्या नावे हा निर्णय झाला, त्या हितास विलगीकरणाने कोणता लाभ झाला, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. १९९२ मध्ये डिसोझा यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रयत्नांतून गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली होती.

संमतीविना चाचणी व भेदभाव यांस प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. लागण झालेल्या व्यक्तीस आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे.