युद्धाचा धनी कोण?

युद्धाला एखाद्या पुढाऱ्याचे नाव देण्याची एक चमत्कारिक रीत लोकशाही राष्ट्रांत पडून गेली आहे. राजेशाहीत ती शोभे. कारण तेथे मुलूखही राजाचा आणि मोहीमही राजाची. पण जेथे लोकांचे प्रतिनिधी मत देऊन युद्धाला संमती देतात, तेथे युद्धाचा धनी कोणाला म्हणावे? अमेरिकेची व्हिएतनाम आणि अफगाणिस्तान ही दोन युद्धे शेजारी शेजारी ठेवून आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

व्हिएतनामचे युद्ध एका माणसाने आरंभले नाही. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर आयझेनहॉवर यांनी सायगावच्या सरकारला पैसा व शस्त्रे पुरविली. १९६३च्या अखेरीस, केनेडींच्या पश्चात, तेथे सुमारे १६,००० अमेरिकी लष्करी सल्लागार होते. जॉन्सन यांच्या कारकिर्दीत सैन्य पाच लाखांवर गेले. प्रत्येकाने वारसा घेतला आणि त्यात भर घातली. निक्सन यांनी तर ३ नोव्हेंबर १९६९च्या भाषणात स्वतःच सांगितले की, ताबडतोब माघार घ्या, म्हणजे जॉन्सनचे युद्ध निक्सनचे होणार नाही, असा सल्ला आपणास मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही. त्यांच्या काळात आणखी वीस हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, आणि युद्ध निक्सनचे व्हायचे ते झालेच.

मग काँग्रेस कोठे होती? ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. ज्या दोन हल्ल्यांचे निमित्त सांगितले गेले, त्यांतला दुसरा झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. पण युद्धाला नाव पडले ते एकट्या जॉन्सन यांचे. चारशे सोळा जणांचे नाव कोण घेणार?

सदतीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. १४ सप्टेंबर २००१ रोजी सिनेटने ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध १ मताने बळाच्या वापराला मुभा दिली. ते एक विरोधी मत बार्बरा ली यांचे. बुश यांचे युद्ध ओबामांकडे आले. १ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी ३०,००० सैनिक वाढविले, आणि हे दुसरे व्हिएतनाम नव्हे, असेही त्याच भाषणात बजाविले. ट्रम्प यांच्या सरकारने २०२०त दोहा येथे तालिबानशी करार केला. बायडेन यांनी हे ओझे पाचव्या अध्यक्षावर टाकणार नाही असे सांगून २०२१त सैन्य काढून घेतले.

दोन्ही युद्धांत एक भेद मात्र आहे. व्हिएतनामच्या वेळी सक्तीची लष्करभरती होती. सरकारचे पत्र घरोघरी येई, म्हणून युद्ध कोणाचे हा प्रश्नही घरोघरी विचारला गेला. १९७३त ती भरती थांबली. अफगाणिस्तानात स्वेच्छेने भरती झालेले लढले, बाकीच्यांचे व्यवहार सुरळीत चालले, आणि युद्धाचे घोंगडे वीस वर्षे भिजत पडले.

आणि ज्यांच्या भूमीवर हे घडले त्यांचे काय? पॅरिसच्या वाटाघाटींचा गाभा सायगावच्या पाठीमागे ठरला. दोह्याच्या करारावर काबूलच्या सरकारची सहीच नव्हती. सायगाव ३० एप्रिल १९७५ रोजी पडले, काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी. निर्णयात ज्यांना वाटा नव्हता, त्यांच्याच पदरी सारा परिणाम पडला.

आमच्या मते युद्धाला एका माणसाचे नाव देणे ही इतरांनी करून घेतलेली सुटका आहे. माणूस पदावरून जातो, त्याचे नाव घेऊन निंदा करता येते, आणि संमती देणारे सभागृह व त्याला निवडून देणारे नागरिक निर्दोष राहतात. इतिहासाचा हिशेब इतका सोपा नाही. ज्या राज्यात सत्ता आपली असे नागरिक म्हणतात, तेथे युद्धही त्यांचेच असते. आणि ते आपले आहे हे ध्यानात घेण्याची वेळ मतदानापूर्वीची असते, पराभवानंतरची नव्हे.