दुखण्याची कळ नेमकी कुठे असते?



मराठीत पोटात येते तीही कळ आणि यंत्र सुरू करायला दाबतो तीही कळ. शरीरात या दोन्हींचं नातं फार जवळचं आहे. आज त्याचा इतिहास सांगते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मुलाची अक्कलदाढ काढायची असते किंवा खेळताना हाड मोडतं, आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या हातात पहिल्यांदाच ओपिऑइड गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन येतं. या गोळ्यांची सवय लागू शकते हे आपण ऐकून असतो. मग मनात येतंच, विज्ञान इतकं पुढे गेलं, तरी दुखणं थांबवायला दुसरं काहीच कसं नाही?

१७७४ साली कॅप्टन कुक न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर होता. तिथे त्याने एका अनोळखी माशाचं काळीज जेमतेम चाखलं आणि रात्री त्याचे हातपाय बधिर झाले. पाण्याने भरलेलं भांडं आणि पक्ष्याचं पीस, दोन्ही हाताला सारखंच लागत होतं! माशाची आतडी खाल्लेलं डुक्कर मेलं. जपानी लोक ज्याला फुगू म्हणतात, त्याच जातकुळीतला हा मासा.

पुढे १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन बनवलं. आज डेंटिस्टच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा तेच किंवा त्याचं एखादं भावंड असतं. औषधं चालत होती, पण ती नेमकं काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तराची सुरुवात इंग्लंडमधल्या प्लिमथला झाली. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याचा एक मज्जातंतू जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३९ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्याच्या आत इलेक्ट्रोड घालून विजेचा संदेश मोजला. काही आठवड्यांतच महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. युद्धानंतर दोघं पुन्हा भिडले. आकडेमोड करायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा कॉम्प्युटर बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर गणितं सोडवली. १९५२ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

त्यांना काय कळलं? मज्जातंतूच्या आवरणात जणू बारीक दारं असतात. विजेचा दाब जरा बदलला की ती उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. क्षणार्धात दारं आपोआप मिटतात. बोट भाजल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो तो असा. गंमत म्हणजे ही दारं तेव्हा कुणी पाहिलेलीच नव्हती. केवळ गणितावरून त्यांचा अंदाज बांधला होता.

१९६४ मध्ये तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फुगूचं विष नेमकं हेच सोडियमचं दार बंद करतं. लिडोकेनसुद्धा तेच करतं. मग लिडोकेन सगळ्या शरीरभर का देत नाहीत? कारण अशीच दारं हृदयात आणि मेंदूतही आहेत. सगळीच बंद केली तर दुखण्याबरोबर हृदयही थांबेल. माणसात या दारांचे नऊ प्रकार आहेत. त्यांतलं दुखण्याचं कोणतं, हाच पुढचा प्रश्न होता.

त्याचं एक उत्तर एका लहान मुलाने दिलं. उत्तर पाकिस्तानातला हा दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना म्हणून होतच नव्हती. संशोधक त्याला भेटण्याआधीच, चौदा वर्षांचा असताना, घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांमध्ये अशी आणखी सहा मुलं सापडली. लहानपणी स्वतःचेच ओठ आणि जीभ चावून त्यांना जखमा झाल्या होत्या. २००६ मध्ये कारण छापून आलं: सोडियमचं १.७ क्रमांकाचं दार त्यांच्यात कामच करत नव्हतं. त्याआधी दोनच वर्षं, २००४ मध्ये, उलटा प्रकार उघड झाला होता. हेच दार वाजवीपेक्षा सहज उघडलं तर हातपाय आगीत धरल्यासारखे जळतात.

औषध कंपन्या १.७ च्या मागे लागल्या, पण रुग्णांवरच्या चाचण्यांत हवं तसं यश येईना. मग लक्ष गेलं शेजारच्या १.८ कडे. हे दार मुख्यतः वेदना वाहणाऱ्या नसांमध्ये असतं, आणि फुगूचं विष त्याला सहजी बंद करू शकत नाही! ते बंद करणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ ला मंजूर झाली. ती मेंदूवर ओपिऑइडसारखं काम करत नाही.

पण लगेच पेढे वाटू नका. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण ओपिऑइड असलेल्या नेहमीच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आणि ती मंजुरी फक्त प्रौढांसाठी होती, तीही थोड्या दिवसांच्या दुखण्यापुरती.

म्हणजे आपल्या मुलांसाठी आज तरी जुनाच मार्ग आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: साध्या पेनकिलरवर भागेल का? ओपिऑइड लागलंच तर किती दिवस? उरलेल्या गोळ्या कुठे परत करायच्या? असं विचारण्यात संकोच कसला!

आणि पोरं गुडघा फोडून रडत आली की फुंकर घालताना मला हल्ली तो सुरीचा खेळ करणारा मुलगा आठवतो. रडता येणं हेसुद्धा नशीबच म्हणायचं. म्हणूनच दुखण्याची कळ कायमची तोडायची नाहीये, हवी तेव्हा थोडा वेळ मिटायची आहे. अडीचशे वर्षं चाललेली खटपट तेवढ्यासाठीच आहे.