गाई राखणारे गोंड आणि हिस्लॉप नवराबायको

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज पुष्कळ जणींना माहीत असेल. १८८३ मध्ये निघालेल्या या कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, त्या माणसाची आणि त्याच्या बायकोची गोष्ट आज सांगतो.

स्टीफन आणि एरास्मा हिस्लॉप हे स्कॉटलंडचं जोडपं १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात आलं. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि कामठीला इंग्रजांची छावणी. दोघं ख्रिस्ती धर्म सांगायला आले होते, त्यासाठी मराठी शिकले. बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले, पण शाळा उभ्या राहिल्या. एरास्माबाईंनी मुलींना शिकवायला घेतलं. पुण्यात सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, त्यावरून तो काळ लक्षात घ्या. मुलीला घराबाहेर शिकायला पाठवायचं म्हणजे आईबापांना चार लोकांची बोलणी खावी लागत. नवऱ्याचं नाव आज कॉलेजच्या पाटीवर आहे. या बाईंचं नाव मात्र नागपुरातही कोणाला फारसं ठाऊक नाही, आणि आम्हाला ते खटकतं.

स्टीफनसाहेब शाळा तपासायला गावोगाव हिंडत. वाटेत दगड गोळा करत, आणि भेटतील त्या गोंडांना विचारून लिहून घेत. गोंड स्वतःला कोईतूर म्हणतात. त्यांच्या साडेबारा जाती त्यांनी वहीत मांडल्या. त्यांत कोईकोपाळ आहेत, म्हणजे गाई राखणारे गोंड. ओझ्याल आहेत, दारोदार गाणी म्हणत फिरणारे. त्यांचे पुरुष पाखरं धरत आणि बाया गावातल्या बायकांच्या हातांवर फुलं, जनावरं गोंदत. गोंदणारी बाई त्या वहीत आली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. सरकारी कागदात तिला कोण विचारतं? अर्थात वही परक्या माणसाची आहे. कोण वरचा, कोण खालचा, हे त्यानेच ठरवून टाकलं. ते डोळे मिटून खरं मानायचं कारण नाही.

परधान लोक गातात ती लिंगोची गाथाही त्यांनी उतरवून घेतली. लिंगोने कोईतुरांना गोत्रं दिली, देव दिले, त्याची ही गाथा. तोवर ती फक्त गळ्यातून गळ्यात चालत आली होती.

सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला बोरीजवळ टाकळघाट आहे. तिथल्या माळावर मोठ्या दगडांची गोल रिंगणं आहेत, जुन्या माणसांच्या दफनाची. ती उकरून पाहायला हिस्लॉप आणि मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल गेले होते. काम झाल्यावर हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागे थांबले. ४ तारखेच्या संध्याकाळी एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले. पावसाने नाला भरून वाहत होता. मुक्कामावर घोडा रिकामाच आला. शोधायला गेलेल्यांना साहेबांचा देह पाण्यात सापडला, मुठीत काठाचं गवत धरलेलं. वय शेहेचाळीसलाही पोचलं नव्हतं. एरास्माबाई विधवा झाल्या.

पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, जुनापाणी इथली रिंगणं नीट खणली गेली. लोखंडाची हत्यारं निघाली, घोड्यांचा साज निघाला. ही माणसं अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. ती गुरं-घोडी घेऊन चाऱ्यापाण्यामागे फिरत असावीत, कुठे थोडी शेतीही करत असावीत, असं बरेच संशोधक मानतात. आपल्याकडचे गुराखी आजही उन्हाळ्यात पाणी बघून जनावरं हलवतात, त्यामुळे हे समजायला आपल्याला पुस्तकच लागतं असं नाही. गाई राखणाऱ्यांना विचारत फिरलेला माणूस शेवटच्या दिवशी त्यांच्याहून कितीतरी जुन्या गुराख्यांच्या दगडांपाशी होता.

त्यांच्या वह्या टेंपलनी जमवल्या आणि १८६६ मध्ये छापल्या. लिंगोची गाथा त्यात आहे, इंग्रजी अर्थासोबत मूळ गोंडी शब्दही ठेवून.